सिस्टीम घेत नाही, तर माणसाने घ्यावं: गोव्याच्या ४० आमदारांना खुलं पत्र

प्रति,
गोवा विधानसभेचे सर्व ४० सदस्य,
पर्वरी.

सन्माननीय आमदारहो,

मी टायपिंगवाली. खाणपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कचेरीच्या वाटेवर माझं दहा बाय आठचं दुकान आहे. बोर्डावर ‘टायपिंग, झेरॉक्स, डीटीपी, ऑनलाईन फॉर्म’ असं लिहिलंय. त्यातलं डीटीपी आता कुणी विचारत नाही. गावाचं आणि कचेरीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं तर उद्या एखाद्या कारकुनाला नोटीस निघेल आणि तुमच्या लेखी विषय मिटेल.

पत्र लिहायला कारण झालं ते असं. गेल्या जूनमध्ये आमच्या इथल्या एका कार्यालयाने काउंटरवर कागद घेणं बंद केलं. यापुढे सगळं ऑनलाईन. जुन्या लाभार्थ्यांचे कागदसुद्धा स्कॅन होणार, नावं जुळतात का, चेहरा जुळतो का, ते यंत्र ठरवणार. दारावर छापील कागद चिकटवला, झालं.

शेवंतीआजी ७४ वर्षांची. (नाव बदललंय. नावातला ‘श’ मात्र खरा, कारण सगळा घोळ त्या ‘श’चाच आहे.) तिने जन्मभर काजूच्या कारखान्यात बिया फोडल्या. टरफलातला चीक कातडी जाळतो. तिच्या बोटांवरच्या रेषा कधीच्याच पुसल्या गेल्यात, त्यामुळे अंगठ्याच्या यंत्राशी तिचं पहिल्यापासून वाकडं. तरी सरकारी योजनेचे महिन्याचे पैसे मिळत होते, कारण काउंटरवरचा कारकून तिला ओळखायचा. जून गेला, जुलै गेला, पैसे नाहीत. आजी माझ्याकडे आली. पोर्टल उघडलं तर एका ओळीचं उत्तर: ‘रेकॉर्ड मिसमॅच’.

आजीचा जन्म १९५१ चा, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतला. त्या वेळच्या नोंदवहीत ‘श’ लिहायला ‘एक्स’ वापरत. शेट, शंकर, शांता, सगळी माणसं त्या कागदांत ‘एक्स’ने सुरू होतात. आमच्याकडच्या कुठल्याही नोटरीला, कुठल्याही तलाठ्याला हे झोपेतसुद्धा ठाऊक असतं. नव्या यंत्राने तो ‘एक्स’ इंग्रजी धरला आणि आजीचं नाव वाचलं ‘क्सेवोंतिम’. आधारवर शेवंती, पासबुकात शेवंता. तीन नावं, म्हणून यंत्राच्या हिशोबी तीन बायका.

मग चेहऱ्याची पाळी. मी मोबाईल समोर धरला. फोटो काढतात असं वाटून आजीने पदर सारखा केला, केस मागे चापून घेतले. पडद्यावर इंग्रजीत सूचना आली, डोळे मिचकवा. मी सांगितलं, तिने मिचकावले. तिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ती पापणी अर्धीच मिटते. यंत्राला ते पटेना. दुकानात मागून ऊन येतं म्हणून बाहेर नेलं, तर तोंडावर फणसाच्या पानांची सावली. अकरा वेळा केलं. अकराव्या वेळी आजी मोबाईलकडे बोट दाखवून म्हणाली, “बाये, हांव जिवी आसां म्हण ताका सांग मगो.” म्हणजे, मी जिवंत आहे असं त्याला सांग गं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन कार्यालयात गेले. कारकून तोच, वीस वर्षांच्या ओळखीचा. त्याने उठून आजीला स्वतःची खुर्ची दिली, गुडघे कसे आहेत विचारलं. मग मला म्हणाला, “मी ओळखतो हो हिला. पण सिस्टीम घेत नाही.” स्क्रीन वळवून दाखवली. ‘मंजूर’ म्हणायचं बटणच तिथे नाही. आतल्या साहेबांच्या स्क्रीनवरही नाही. साहेब म्हणाले, मेल करा. मेलला दोन मिनिटांत उत्तर आलं, तेही यंत्राचंच: आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.

ही बाई तीच बाई, हे जाणणारा माणूस खुर्चीपाशी उभा होता आणि त्याच्या जाणण्याला त्याच्याच कचेरीत किंमत उरली नव्हती. मला बोचलं ते हे. पैसे शेवटी मिळाले, पाच महिन्यांनी, ‘तिन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र करून आणि पणजीच्या तीन खेपा मारून. आजीला बसमध्ये उलट्या होतात, ते वेगळंच.

आता तुम्ही म्हणाल, बाईचा धंदा बसला म्हणून ती यंत्राच्या नावाने बोटं मोडतेय. धंदा बसलाय हे खरं. पण यंत्रं मला नवी नाहीत. १९९२ मध्ये मी रेमिंग्टनच्या मराठी टंकयंत्रावर हात बसवला. कार्बन लावून पाच प्रती काढायच्या, पाचवी देवालाच वाचता यायची. मग संगणक आला, श्रीलिपी आली, कीबोर्ड नव्याने शिकले. मग युनिकोड आलं आणि जुन्या फाँटमधल्या माझ्या सगळ्या फायली उघडल्या की पडद्यावर अक्षरांचा काला. रात्री जागून त्या परत टाईप केल्या. दिवाळीनंतर जत्रांचा हंगाम लागला की दुकानात नुसत्या नाटकाच्या नकला असायच्या. अख्ख्या वाड्याला पार्ट, ज्याची त्याची नक्कल वेगळी, आणि दिग्दर्शक आदल्या रात्री तिसरा अंक बदलणार.

ते काम गेलं. पोरं संहितेच्या पानांचे फोटो काढतात, मोबाईल वाचून टाईप करून देतो. चांगलं करतो, माझ्यापेक्षा भरभर. कुठेकुठे ‘संभाजी’चा ‘संभोजी’ होतो, पण ते तालमीत कळतं. अर्जही मोबाईलच लिहितो. परवा एक जण रस्त्यावरचा दिवा बंद असल्याचा अर्ज प्रिंट काढायला घेऊन आला. दीड पान! सुरुवात: ‘हे पत्र आपणास उत्तम आरोग्यात सापडेल अशी मी आशा करतो.’ सरपंचांनी ते वाचून नाडी तपासून घेतली असेल. असो. ज्याचे मी ३० रुपये घ्यायचे ते फुकटात होत असेल तर लोकांनी करावं, त्याबद्दल मला तक्रार करायची नाही.

आणि हेही सांगून टाकते. सरकारच्या ऑनलाईन कारभारावरच आज माझं दुकान चालतं. फॉर्ममागे ५० रुपये. पोर्टल जितकं किचकट, तितकी माझ्याकडची रांग लांब. हे पत्र मी माझ्या गल्ल्याच्या विरोधात लिहितेय, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

पहिली तक्रार जबाबदारीची. ठराविक मुदतीत सेवा मिळण्याचा कायदा याच विधानसभेने २०१३ मध्ये केला. कारकुनाने अर्ज दाबून ठेवला तर कुणाकडे जायचं, वर अपील कुणाकडे, हे त्यामुळे लोकांना कळलं. आता यंत्र एका सेकंदात नाही म्हणतं. मुदत पाळली गेली, सेवा काही मिळाली नाही. अपील कुणाविरुद्ध करायचं? माहिती अधिकारात विचारायचं तरी काय? किती टक्के अक्षरं जुळली की नाव जुळलं समजायचं, ही मर्यादा कुणी आखली, हे मी तीन खुर्च्यांना विचारलं. तिन्ही खुर्च्यांनी ठेकेदाराच्या कंपनीकडे बोट दाखवलं. कंपनी गोव्याबाहेरची.

दुसरी तक्रार भाषेची, आणि ती मी जरा लांबवणार आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या सरकारी वापराची तरतूद झाली. त्याच्या आधी या दोन भाषांपायी गोव्यात काय रण माजलं ते तुमच्यातल्या ज्येष्ठांनी डोळ्यांनी पाहिलंय. एवढं भांडून मिळवलेल्या दोन्ही भाषा पोर्टलवर पहिल्या पानापुरत्या. आत शिरलात की चूक झाल्याचा निरोप इंग्रजीत, नकाराचं कारण इंग्रजीत. हेल्पलाईनवर आता यंत्राचा आवाज बोलतो. तिथे तर मजाच आहे. माझ्यासमोर एक बाई फोनवर म्हणाली, “म्हाका पेन्शन जाय.” म्हणजे मला पेन्शन हवी. यंत्राने स्क्रीनवर लिहून काढलं, ‘माझी पेन्शन जाय’, आणि योजना सोडायची असल्यास एक दाबा म्हणून सांगितलं. बाई एक दाबणार होती, मी हात धरला.

असं का होतं हे कळायला फार शिकावं लागत नाही. ही यंत्रं लिहिलेल्या आणि बोललेल्या मजकुरावर शिकतात. इंग्रजीचा मजकूर डोंगराएवढा, मराठीचा त्यामानाने थोडा, कोंकणीचा त्याहून थोडा आणि तोही देवनागरी, रोमी, कन्नड अशा लिप्यांत वाटलेला. मग यंत्र कोंकणी ऐकतं आणि मराठीसारखं उतरवतं, किंवा हिंदीसारखं. यंत्रांना भारतीय भाषा शिकवण्याचा केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ प्रकल्प २०२२ पासून चालू आहे. त्याचा उपयोग करा, माझी ना नाही. पण यंत्र लोकांसमोर बसवण्याआधी सत्तरी, काणकोण, पेडणे इथल्या पाच-पन्नास म्हाताऱ्या माणसांना त्याच्याशी बोलायला लावा आणि काय होतं ते शेजारी बसून ऐका. पणजीत एसी हॉलमध्ये घेतलेली चाचणी मी चाचणी धरत नाही.

रेंजबद्दल थोडक्यात. २०२० मध्ये शाळा ऑनलाईन झाल्या तेव्हा सत्तरी-सांगेतली मुलं रेंज शोधत डोंगर चढत होती. पेपरांत फोटो आले होते. त्यातली काही ठिकाणं आजही तशीच आहेत, आणि पावसात वीज गेली की आमचं तालुक्याचं गावही त्यांच्या पंगतीला बसतं.

तिसरी गोष्ट घरातली आहे. माझ्या नवऱ्याचा खनिजाचा ट्रक होता, कर्जावर घेतलेला. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, ट्रक पुन्हा थोडा फिरला. मग ७ फेब्रुवारी २०१८ चा निकाल आला, ८८ लिजांचं नूतनीकरण रद्द झालं आणि १६ मार्चपासून सगळं ठप्प. न्यायालय चुकलं असं मी म्हणत नाही, खाणींनी आमच्या विहिरी आणि शेतं कशी केली ते मीही पाहिलंय. पण ट्रक दारात उभा राहिला, चाकांच्या वर गवत आलं, पहिल्यांदा बॅटरी विकली, मग टायर, शेवटी लोखंडाच्या भावाने सगळा. हप्ते या दुकानाने फेडले. पंधरा-वीस वर्षं सगळ्यांना दिसत होतं की हे असं कायम चालणार नाही, आणि तरीही दुसऱ्या दिवशी काय करायचं याचा कागद कुणाकडे नव्हता. तुमच्याकडेही नव्हता.

तेव्हा निदान बंद होण्याला तारीख होती. लोक पणजीच्या आझाद मैदानात जमले, तुम्ही भेटायला आलात. आता तसं होत नाही. किनाऱ्यावरच्या हॉटेलात बुकिंगचे फोन घेणारी मुलगी एकटी घरी जाते. खात्यात कंत्राटावर डेटा एंट्री करणाऱ्याचं कंत्राट वाढत नाही, एवढंच. छापखान्यातला मुद्रितशोधक, सीएच्या हाताखालचा पोरगा, एकेक करून. टॅक्सीवाल्यांची संघटना आहे, ते रस्ता अडवतात, म्हणून अॅप टॅक्सीचा विषय सभागृहात तासन्‌तास गाजतो. गाजू दे, त्यांचं पोट आहे. माझा भाचा म्हापशाला पायलट आहे, म्हणजे मोटरसायकलवरून भाड्याने माणसं नेतो. इतर राज्यांत अॅपवर बाईक टॅक्सी आली त्याच्या कितीतरी आधीपासून गोव्यात पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलवर माणसं बसून जाताहेत. तोही मोबाईलकडे धास्तीने बघतो, पण त्याच्या मागे स्टँड तरी आहे. मुद्रितशोधकांचा स्टँड नसतो.

तेव्हा मागण्या.

एक. ज्या कार्यालयात यंत्र हो किंवा नाही म्हणतं, त्या प्रत्येक कार्यालयात यंत्राचा नकार बाजूला ठेवायचा अधिकार असलेला एक अधिकारी नेमा. त्याचं नाव आणि फोन दारावर लावा. त्याच्या स्क्रीनवर बटण द्या. त्याने ते का दाबलं ते लिहून सही करावी, म्हणजे वशिलेबाजीची भीतीही नको.

दोन. चालू असलेली पेन्शन किंवा अनुदान यंत्राच्या एकट्याच्या सांगण्यावरून थांबवू नका. आधी या अधिकाऱ्याने माणसाला समोर बघावं. ज्याला येववत नाही त्याच्या घरी जावं. तोवर पैसे चालू.

तीन. नकाराचं कारण मराठीत आणि कोंकणीत द्या, आणि कुठल्या कागदातला कुठला शब्द अडला ते सांगा. ‘मिसमॅच’ हे कारण नव्हे. १९१ पंचायतींत आठवड्यातून दोन दिवस तरी कागदी अर्ज घेणारी खिडकी उघडी ठेवा.

चार. जुन्या नावांचा तक्ता करा. आपल्या राज्याचा पुराभिलेख १५९५ पासूनचा. पोर्तुगीज कागद वाचणारी माणसं तिथे आहेत, नोटरींकडे आहेत, चर्चच्या नोंदी बघणाऱ्यांत आहेत. ‘एक्स’ म्हणजे ‘श’, ‘पोरोबो’ म्हणजे प्रभू, ‘कामोतिम’ म्हणजे कामत, असं एकदा लिहून काढायला किती दिवस लागतील? आणि कुणी एकदा ‘व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र दिलं, तर ते सगळ्या खात्यांनी मानावं. प्रत्येक खात्यात नवा स्टॅम्प पेपर कशाला?

पाच. शुक्रवार खाजगी ठरावांचा दिवस असतो. तुमच्यापैकी कुणीही, सत्ताधारी असो वा विरोधी, एक ठराव आणा: कुठलंही खातं अशी प्रणाली विकत घेणार असेल, तर ती काय काम करणार, कुणी तपासली, आणि तिच्यामुळे किती कंत्राटी माणसं घरी जाणार व त्यांचं पुढे काय, हे आधी सभागृहासमोर ठेवावं. घरी जाणाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं तर नोकरी असतानाच द्या. ट्रक भंगारात गेल्यावर ड्रायव्हरला शिवणकाम शिकवायला आलेले लोक मी पाहिलेत.

एक बाब राहिली. ती मागण्यांत कुठे घालावी ते मला कळलं नाही, म्हणून शेवटी लिहिते.

माझ्या टेबलाच्या खणात २०० पानी वही आहे. तिच्यात साधारण साडेतीनशे माणसांची नावं, युजरनेम आणि पासवर्ड आहेत. काहींचे आधार क्रमांक आहेत, मुलाचा किंवा सुनेचा मोबाईल नंबर आहे, आईचं माहेरचं आडनाव आहे, कारण पोर्टल गुप्त प्रश्न विचारतं. आवडत्या प्राण्याच्या जागी निम्म्या गावाने माझ्याच सांगण्यावरून ‘मोती’ लिहिलंय. लोक ओटीपी दुकानाच्या दारातून ओरडून सांगतात. एक गृहस्थ तर मोबाईल माझ्याकडे ठेवून बाजार करायला जातात. मी कुणाचा पासवर्ड कधी वापरला नाही, पण हे मी सांगते म्हणून. मला परवाना नाही, नियम नाहीत, माझी तपासणी करायला आजवर कुणी आलेलं नाही. लोकांच्या वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला. आमच्या तालुक्यात त्या डेटाला माझ्या खणाचं कुलूप आहे, आणि त्याची किल्ली झेरॉक्स मशीनच्या मागे खिळ्याला असते. अशा वह्या एकट्या माझ्याकडे आहेत असं समजू नका.

डोळ्यांमुळे मी मार्चअखेर दुकान बंद करतेय. जागा घ्यायला एक मोबाईल दुरुस्तीवाला तयार आहे. तो वहीसकट मागतोय, बांधलेलं गिऱ्हाईक मिळतं म्हणून, आणि वहीचे वेगळे पैसे देतो म्हणतोय. जाळली तर एप्रिलमध्ये साडेतीनशे माणसं पोर्टलच्या बाहेर राहतील, त्यात शेवंतीआजीही आली. ज्याची त्याला पानं फाडून द्यावी, तर निम्म्यांना ती वाचता येत नाहीत, ते पान घेऊन कुणा दुसऱ्या दुकानात जातील.

ही वही कुणाच्या ताब्यात द्यायची, ते ३१ मार्चच्या आत लेखी कळवावं. कार्यालयाच्या वेळेत मी दुकानातच असते.

आपली,
कचेरीच्या वाटेवरची टायपिंगवाली